पप्पांच्या गाण्यातला एक शब्द

२ मार्च, रविवार

डायरी लिहायची मला सवय नाही. ऑफिसातल्या फायलींवर नोटिंग करते तेवढंच माझं लिहिणं, तेही इंग्रजीत. पण पप्पांच्या स्मरणसभेत मला बोलायचंय, आणि माणसांसमोर उभी राहिले की डोकं रिकामं होतं. म्हणून आठवेल तसं इथे टिपून ठेवणार आहे.

विषय आईने काढला. चर्चमधून घरी आल्यावर चपला काढता काढता म्हणाली, "त्यांच्या नावाने गाणी व्हायला हवीत." खरंय ते. दफन झालं ते सगळं घाईतच. फेब्रुवारीचा पाऊस, बोचरी थंडी, आणि मी हॉस्पिटलच्या बाकावरून उठून सरळ कबरस्तानात. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, आम्ही माती लोटली, संपलं. दिल्लीतल्या कितीतरी मराठी ख्रिस्ती घरांतली माणसं पप्पांनी गात गात पोचवली होती. त्यांना मात्र आम्ही मुक्यानेच निरोप दिला.

मी म्हटलं, सगळं मी करते. सुजय, माझा धाकटा भाऊ, मानेसरला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत आहे. त्याच्या शिफ्टच्या भरवशावर काही ठरवता येत नाही. यशोधनने लगेच हो म्हटलं. तो पुण्याचा, हिंदू. आमच्या लग्नाच्या वेळी त्याच्या घरी बरीच खळखळ झाली होती, पण सासऱ्याशी त्याचं अगदी दोस्तासारखं होतं. आई आता आमच्याकडेच असते, लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये. इथे माणसं मावणार नाहीत. जागा बघायला हवी.

५ मार्च, बुधवार

टिपणं.

सूर्यकांत पारधे. जन्म नेवाशाकडच्या एका खेड्यात. नगरच्या मिशन बोर्डिंगमध्ये शिकले, तिथेच वायरिंगचं काम शिकले आणि तिथेच पेटीवर बसायला लागले. एशियाडची कामं निघाली तेव्हा एका ठेकेदाराबरोबर दिल्लीला आले. खेळ संपले, ठेकेदार परत गेला, पप्पा राहिले. कोटला मुबारकपूरच्या गल्लीत एका जिन्याखाली त्यांनी दुकान टाकलं. पंखे, कूलर, पाण्याच्या मोटारी. जळालेली मोटार उघडायची, आतली करपलेली तार उपसून काढायची, नवी तांब्याची तार गुंडाळायची, वर वार्निश पाजायचं. मे-जून महिन्यात माणसं दुकानासमोर रांग लावून भांडायची, कारण घरी कूलर बंद पडलेला असायचा. ज्या घरात तान्हं मूल असेल त्याचा पंखा पप्पा आधी घ्यायचे. त्यावरूनही भांडणं व्हायची.

तार गुंडाळताना ते गायचे नाहीत, कारण वेढे मोजावे लागत. शेवटची गाठ मारली की मात्र एकदम आवाज सुटायचा. समोरच्या पराठेवाल्याला त्यावरूनच कळायचं, पारधेंची मोटार झाली.

मी लहान असताना ते मला स्कूटरवर पुढे उभी करून चर्चला न्यायचे. लाल दिव्याला थांबलो की नवी चाल माझ्या डोक्यावर बोटांनी वाजवून बघायचे. हिरवा झाला तरी कधीकधी भान नसायचं. मागचे लोक हॉर्न वाजवायचे, आणि पप्पा त्यांना हात जोडायचे.

त्यांची स्वतःची गाणी सात-आठ. सगळ्यात जास्त लोकांना येतं ते हे:

काळे माझे हात, प्रभू, काळे माझे हात
तसाच आलो कामावरून तुझ्या दारात

हे कसं सुचलं तेही ते सांगत. एका उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, दुकानातून उशिरा निघाले आणि तसेच उपासनेला गेले. शेजारच्या बाईंनी पदर आवरून घेतला. पप्पांना राग आला नाही, हसू आलं. घरी चालत येताना गाणं झालं.

हा प्रसंग भाषणात घेऊ नये. लोकांना उगाच अवघडल्यासारखं होईल.

१० मार्च, सोमवार

जागेचं काम झालं. आमचे डायरेक्टर श्याम सर मराठीच आहेत. त्यांच्या ओळखीने कस्तुरबा गांधी मार्गावरच्या सरकारी अतिथिगृहातला छोटा हॉल मिळाला. कार्पेट आहे, चांगला माईक आहे, मागे जेवणाची सोय आहे. सर म्हणाले, "आम्हीही येऊ." म्हणजे ऑफिसमधले पाच-सहा जण तरी येणार.

त्यांनीच नीलाताईंचं नाव सुचवलं. शास्त्रीय शिकलेल्या आहेत, कॉलेजात संगीत शिकवतात. मला कल्पना फार आवडली. पप्पांची गाणी एकदा तरी नीट, सुरात, शांतपणे लोकांनी ऐकावीत.

काल विश्वनाथकाका येऊन गेले. ते पप्पांचे जोडीदार. साताऱ्याचे, हिंदू. कोटल्यात, पप्पांच्याच गल्लीत त्यांचं गाड्यांच्या सीटकव्हरचं दुकान आहे. पप्पा पेटीवर, हे ढोलकीवर. पप्पांनी ओळ टाकायची आणि काकांनी मागून उचलायची, असं चाळीस वर्षं चाललं. त्यांच्याबरोबर आणखी दोघंतिघं असतात, एक नर्सरीतला माळी, एक रिटायर झालेला शिपाई. शनिवारी संध्याकाळी काकांच्या दुकानाचं शटर अर्धं ओढून बसतात. काकांनी चहा घेतला आणि म्हणाले, कोणकोणती गाणी घ्यायची ते आम्ही ठरवून ठेवलंय. मी म्हटलं, कळवते काका.

ते गाणार म्हणजे काय होतं ते मला माहीत आहे. ढोलकी माईकच्या डोक्यावर बसते. माळीबुवांना मराठी शब्द येत नाहीत, ते सगळं हिंदीसारखं म्हणतात. आपल्या लोकांत ठीक आहे, पण त्या हॉलमध्ये त्यांनाच संकोच वाटेल.

१६ मार्च, रविवार

नीलाताई घरी आल्या होत्या. सुजयच्या फोनमध्ये नाताळातलं एक रेकॉर्डिंग होतं ते त्यांना ऐकवलं. डोळे मिटून ऐकत होत्या. "काळे माझे हात" तर त्यांनी तीनदा लावायला लावलं. म्हणाल्या, चाल किती साधी आहे, आणि किती अवघड.

मला एकदम वाटलं, हॉलमध्ये श्याम सर बसलेत, त्यांच्या मिसेस बसल्यात, आणि पहिलाच शब्द "काळे". मी म्हटलं, "इथे 'रिते माझे हात' असं घेतलं तर?"

त्या म्हणाल्या, "मूळ शब्द 'काळे' असेल तर राहू दे ना."

मी म्हणाले, "नाही, म्हणजे, शेवटी शेवटी त्यांनीच बदलला होता. हॉस्पिटलमध्ये."

बोलून गेले. नीलाताईंच्या अंगावर काटा आला, त्यांनी हात पुढे करून दाखवला. लगेच पेनने कागदावर "रिते" लिहून घेतलं.

एक शब्द तर आहे. आणि "रिते" जास्त काव्यमय आहे, हे पप्पांनीसुद्धा मान्य केलं असतं.

२३ मार्च, रविवार

आमंत्रणाची कार्डं आली. छान दिसतायत. फोटो माझ्या लग्नातला घेतलाय, सूट घातलेला. खाली लिहिलंय: "विद्युत अभियांत्रिकी व्यवसायातील कार्यरत जीवन आणि भक्तिसंगीताची आजन्म साधना." आईने चष्मा लावून वाचलं आणि विचारलं, "अभियांत्रिकी म्हणजे दुकानच ना?" मी म्हटलं, हो, तसंच.

सुजयला व्हॉट्सॲपवर पाठवलं. त्याचा फोन आला. म्हणाला, ताई, हे कोणाचं कार्ड आहे? मी चिडले. इथे धावपळ मी करतेय आणि हा मानेसरला बसून चुका काढतोय. त्याने वाद घातला नाही. ठेवतो म्हणाला.

विश्वनाथकाकांना फोन केला. म्हटलं, सगळ्यांना घेऊन या, तुमच्यासाठी पुढच्या खुर्च्या ठेवते. काकांनी विचारलं, ढोलकी आणू का? मी म्हटलं, नको काका, तिथे सगळी व्यवस्था आहे, तुम्ही फक्त बसून ऐका. काका म्हणाले, "अच्छा. चलो, ठीक आहे."

समजूतदार माणूस आहे.

२९ मार्च, शनिवार

झाला कार्यक्रम. हॉल भरला होता. श्याम सर सपत्नीक आले, ऑफिसचेही बरेच जण आले. पाळकसाहेब थोडक्यात बोलले. माझं भाषण बरं झालं. नगर, बोर्डिंग, दिल्लीत शून्यातून उभा केलेला व्यवसाय. रडू आलं नाही. नीलाताईंनी पहिली तीन गाणी गायली तेव्हा पंख्याचाही आवाज ऐकू येईल इतकी शांतता होती. मला वाटलं, पप्पा, आज तुमचं गाणं पोचलं.

"रिते माझे हात"च्या वेळी थोडा गोंधळ झाला. विश्वनाथकाका आणि मंडळी पुढे बसलीच नाहीत, मागच्या रांगेत बसली होती. नीलाताईंनी पहिली ओळ म्हटली आणि मागून त्या चौघांनी सवयीने ती उचलली. पण त्यांनी उचलली ती "काळे माझे हात" अशी, टाळ्यांसकट. नीलाताई थांबल्या. लोक मागे वळून बघायला लागले. मी वळले आणि हात वर केला, गडबड होऊ नये म्हणून. ते गप्प झाले. नीलाताईंनी फार छान सावरलं. म्हणाल्या, मूळ गाण्यात "काळे" असा शब्द आहे, पण सूर्यकांतजींनी शेवटच्या दिवसांत, हॉस्पिटलमध्ये, तो बदलून "रिते" केला, असं स्वरूपाताईंनी सांगितलं. हॉलमध्ये एक निःश्वास ऐकू आला. मागून विश्वनाथकाकांचा आवाज आला, "अच्छा." बस, एवढंच. मग गाणं पूर्ण झालं.

जेवण सगळ्यांना आवडलं. मटार पुलाव संपला, मटण मात्र थोडं उरलं. काका आणि बाकीचे जेवायला थांबले नाहीत. लांब जायचं असेल.

कोटला फार लांब नाही.

१ एप्रिल, मंगळवार

ऑफिसात दोन दिवस तेच चाललंय. फार ग्रेसफुल कार्यक्रम होता, असं तिघांनी तरी म्हटलं. आज लिफ्टमध्ये श्याम सरांनी विचारलं, वडिलांनी इंजिनिअरिंग कुठून केलं होतं? मी म्हटलं, नगरहून. ते म्हणाले, अच्छा, अच्छा. लिफ्टचं दार उघडेपर्यंत मी मजल्यांच्या आकड्यांकडे बघत राहिले.

डब्याच्या वेळी सुजयचा एक व्हिडिओ आला. सोबत एक शब्दही नाही. त्याने हॉलमध्ये कडेला उभं राहून घेतलेला. त्यात नीलाताई आहेत, आणि पहिल्या रांगेत मी आहे, पाठमोरी. मागून आवाज येतो तशी मी वळते. माझा चेहरा दिसतो. आणि हात.

मी शनिवारी लिहिलं होतं, गडबड होऊ नये म्हणून हात वर केला. हात तसा नाहीये. पंजा पुढे केलेला आहे, बोटं ताठ. सिग्नलला गाडीच्या काचेवर कोणी टकटक केली की आपण आतून करतो तसा. आणि तोंडावर जे आहे ते मी कधी आरशात पाहिलेलं नाही. काका अर्धे उभे होते, टाळीसाठी हात उघडलेले. ते तसेच थांबले आणि खाली बसले. बसताना त्यांनी मला हात जोडले.

मी व्हिडिओ डिलीट केला. मग परत डाउनलोड केला.

५ एप्रिल, शनिवार

गेल्या काही दिवसांत मी बाकी काही विचार केला नाही. माझं मन एक म्हणतं, तो क्षण होता, घाबरून झालं. दुसरं म्हणतं, क्षण कसला? हॉल तू बघितलास, कार्ड तू लिहिलंस, ढोलकी तू नको म्हणालीस, शब्द तू बदललास. हात फक्त शेवटी वर गेला.

पप्पांची मला कधी लाज वाटली नाही, असं मी शपथेवर सांगितलं असतं. वाटायची ती त्यांच्या दुकानाची, त्या ढोलकीची, माळीबुवांच्या "परभू"ची. पप्पांची नाही. पण हे सगळं काढून टाकलं तर पप्पा म्हणून उरतं काय? सूट घातलेला एक फोटो. आणि तो सूटही मामांचा होता.

आईने आज सकाळी डबा भरला. मटण आणि वड्या. म्हणाली, "विश्वनाथभाऊ त्या दिवशी न जेवता गेले. उद्या तू नेऊन दे."

मी म्हटलं, यशोधनला पाठवते.

आई म्हणाली, "तू."

६ एप्रिल, रविवार

गेले. काकांचं घर दुकानाच्या वरच आहे. काकू गावी गेल्यात, एकटेच होते. मला बघून लगबगीने खुर्ची पुसली. मी काही बोलायच्या आत तेच म्हणाले, "बेटा, मला माफ कर. त्या दिवशी आमच्याकडून मोठी चूक झाली."

मी डबा त्यांच्यापुढे ठेवला.

म्हणाले, "आम्हाला माहीत नव्हतं ना त्याने शब्द बदलला ते. मला वाटलं, त्या बाईच चुकल्या. म्हणून जरा जोरात म्हटलं, त्यांना आठवावं म्हणून. तू हात केलास ते बरं केलंस."

मग ते जे बोलले ते मी जसंच्या तसं लिहिते, कारण मला ते विसरता येणार नाही. पप्पा आयसीयूत होते तेव्हा ते दोन्ही दिवस हॉस्पिटलच्या गेटवर येऊन उभे होते. घरच्यांशिवाय आत सोडत नाहीत म्हणून गार्डने अडवलं. मला फोन करायचा त्यांना धीर झाला नाही, मी घाईत असेन म्हणून. "आत काय बोलला असेल शेवटी, हेच रोज डोक्यात यायचं," म्हणाले. "चाळीस वर्षं रोज बोलत होता, आणि शेवटचं मला कळलंच नाही. आता कळलं. तसाच आलो कामावरून, आणि हात रिते. जन्मभर काम केलं आणि देवाच्या दारात न्यायला काही नाही. केवढं मोठं बोलून गेला बघ, एका शब्दात. मी बाकीच्यांना पण शिकवलंय. काल शनिवारी बसलो होतो, तसंच म्हटलं. माळी रडला."

सांगायची वेळ हीच होती. माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. काकांच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं की मी डब्याचं झाकण उघडून म्हटलं, गरम आहे तोवर खा.

ते गेटवर उभे होते, हे मला माहीत नव्हतं. खरंच माहीत नव्हतं. याबद्दल आज आणखी लिहिता येणार नाही.

१३ एप्रिल, झावळ्यांचा रविवार

ईस्टरच्या आधीचा हा रविवार, म्हणून चर्चमध्ये सगळ्यांच्या हातात झावळ्या होत्या. उपासनेनंतर पाळकसाहेबांनी काकांच्या मंडळींना पुढे बोलावलं. ढोलकी होती, पेटीवर कोणी नव्हतं, पेटी मात्र आणून ठेवली होती. त्यांनी "रिते माझे हात" म्हटलं. माळीबुवांनी "रिते" शब्द घोटून घोटून पाठ केलेला कळत होता. एकदाही चुकले नाहीत. नंतर पाळकसाहेबांनी सगळ्या चर्चला सांगितलं की मृत्युशय्येवर एका विश्वासणाऱ्याने आपल्याच गीतातला शब्द कसा दुरुस्त केला. लोकांनी डोळे पुसले. दोघीजणींनी माझा हात हातात घेतला.

मी झावळीची पात सोलत बसले होते.

परत येताना ऑटोत आई हातातली झावळी दुमडत बसली होती. आयएनए मार्केटच्या सिग्नलला तिने विचारलं, "कधी म्हणाले हे?"

मी म्हटलं, "हॉस्पिटलमध्ये. दुसऱ्या दिवशी."

"मी होते की दुसऱ्या दिवशी."

"तू चहा प्यायला गेली होतीस तेव्हा."

आईने मान हलवली. जरा वेळाने म्हणाली, "प्रत्येक गाणं आधी मला म्हणून दाखवायचे. हे नाही दाखवलं." आणि बाहेर बघायला लागली.

नीलाताईंशी खोटं बोलले तेव्हा मला ते काहीच मोठं वाटलं नव्हतं. आता ते चर्चमध्ये गेलंय, प्रार्थनेत गेलंय, आणि माझ्या आईच्या संसारात गेलंय. एका चुकलेल्या वेढ्याने अख्खी मोटार जळते, असं पप्पा म्हणायचे. हे वाक्य मी भाषणासाठी टिपायचं विसरले होते.

१८ एप्रिल, उत्तम शुक्रवार

आई उपास करते. तीन तासांच्या उपासनेहून आल्यावर ती पलंगावर पडली होती. मी तिच्या पायाशी बसले आणि सांगितलं. पप्पांनी शब्द बदलला नाही, मी बदलला. ते काही म्हणाले नव्हते.

मला वाटलं ती का विचारेल. तिने विचारलं नाही. उठून बसली, केस बांधले.

"म्हणजे मला न दाखवता त्यांनी काही केलं नव्हतं."

"नाही."

"इतके दिवस मी मेलेल्या माणसावर रुसले होते," ती म्हणाली. "कबरीवर गेले बुधवारी, तर बोलले नाही त्यांच्याशी. फुलं ठेवून आले नुसती."

तिने मला मारलं असतं तर बरं झालं असतं. मी तिचे पाय धरले तर तिने ते वर ओढून घेतले. म्हणाली, "मला सांगितलंस, आता जिथे सांगायचं तिथे जाऊन सांग. मी येणार नाही तुझ्याबरोबर."

मी विचारलं, पण काकांना त्या शब्दाने किती बरं वाटलंय, ते काढून घेऊ का?

आई म्हणाली, "ते तू ठरव. मला त्यांच्या हातांचा वास अजून येतो, वार्निशचा. मला 'रिते' ऐकवत नाही."

१९ एप्रिल, शनिवार

दुपारभर ठरवत होते की फोनवर सांगावं. नीलाताईंना फोनवरच सांगितलं. त्या म्हणाल्या, पुन्हा कधी गायले तर मूळचंच गाईन. ते सोपं गेलं. त्या परक्या आहेत.

सहा वाजता कोटल्याला गेले. दुकानाचं शटर अर्धं खाली होतं. वाकून आत गेले. काका, माळीबुवा, शिपाईमामा आणि आणखी एक जण सीटकव्हरच्या गठ्ठ्यांवर बसले होते. उद्या ईस्टर, त्याची तयारी चालली होती. मला बघून सगळे उठले. मी म्हटलं, बसा ना, प्लीज. ते बसेनात. म्हणून मी उभ्यानेच बोलले. आधी मराठीत, मग माळीबुवांना कळावं म्हणून हिंदीत. हिंदीत सांगताना जास्त कठीण गेलं, कारण हिंदीत मला आडवळणं येत नाहीत.

सगळ्यांनी काकांकडे बघितलं. काकांनी माझ्याकडे.

"त्याने नाही बदलला?"

"नाही काका."

"मग का बदललास?"

वाटेत मी उत्तर तयार केलं होतं, त्या हॉलचं, त्या लोकांचं. ते तोंडात आलंच नाही. मी म्हटलं, "लाज वाटली. त्यांच्या कामाची. तुमचीही."

माळीबुवा शटरकडे बघायला लागले. शिपाईमामांनी ढोलकीवरचा हात काढून मांडीवर ठेवला. रस्त्यावरून एक ई-रिक्षा गेली.

काका म्हणाले, "शब्द चांगला होता." मग म्हणाले, "माझ्याशी बोलला, असं वाटलं होतं मला."

तेव्हा मी ते सांगितलं, जे मी या डायरीतही लिहिलेलं नाही. पप्पा शेवटी बोलले होते. दुसऱ्या दिवशी, आई खरंच चहाला गेली होती तेव्हा. मास्क बाजूला करून त्यांनी मला विचारलं, विश्वनाथ आला का? मी म्हटलं, नाही, कोणी आलं नाही, तुम्ही आराम करा. मला खरंच माहीत नव्हतं. मी खाली जाऊन बघितलं नाही, फोनही केला नाही. मनात आलं होतं की आता ते लोक इथे गोळा होतील. त्यानंतर पप्पा बोलले नाहीत.

काका गठ्ठ्यावर बसले. चष्मा काढला. मला वाटलं पुसतील, पण नुसता हातात धरून बसले.

"विचारलं त्याने," ते म्हणाले. मला नाही, बाकीच्यांना. "सुना? पूछा था उसने."

माळीबुवांनी मान डोलावली.

मग काकांनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग होता. इतक्या वर्षांत मी त्यांचा राग पाहिला नव्हता. म्हणाले, "मी खालीच होतो, स्वरूपा. वीस पावलांवर."

मी माफ करा म्हटलं. त्यांनी ते घेतलं नाही, नाकारलंही नाही. ढोलकीला गवसणी घातली, म्हणाले आज राहू दे, उद्या सकाळी चर्चच्या आधी इथे जमा. माणसं एकेक करून शटरखालून वाकून गेली. मीही निघाले.

मी वाकले तेव्हा मागून ते म्हणाले, "पुढच्या शनिवारी ये. गाऊ नको, बोलू नको. तिथे कोपऱ्यात बस आणि ऐक."

मी म्हटलं, येते.

बाहेर पराठेवाल्याच्या नव्या पोराने नमस्ते केलं आणि विचारलं, पारधेजी की बिटिया ना? आप इंजीनियर हैं ना, उनकी तरह? त्या कार्डाबद्दल त्याला कुठून कळलं, कोण जाणे. मी म्हटलं, नहीं भैया. वो मोटर बाँधते थे. मैं दफ़्तर में काम करती हूँ.